जिभेवरचं वजन

काकांच्या घरातला वजनकाटा किलोत होता. टेक्सासात चाळीस वर्षं काढलेला माणूस, ताप फॅरनहाइटमध्ये सांगायचा, उंची फुटात, अंतर मैलात. वजन मात्र किलोत. "पाउंडात माणूस उगाच जाड वाटतो," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. काट्याच्या खाली एक बारकं बटण होतं, ते सरकवलं की पाउंड दिसत. काकूंनी एकदा ते सरकवलं तेव्हा काकांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे जे झालं ते या काट्यामुळे झालं, असं मला सगळ्यांना सांगता आलं असतं. मी ते सांगितलं नाही, आणि ते पुरतं खरंही नाही.

काका माझे सख्खे काका नव्हेत. डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या आमच्या मराठी मंडळात ते सगळ्यांचेच काका. निवृत्त इंजिनियर, पंच्याहत्तरी ओलांडलेले, पुण्याचे, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेणारे. मंडळाची नाटकं तेच बसवायचे आणि सेटही तेच बांधायचे, स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या करवतीने. त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. जो घालायचा तो पुढच्या नाटकात नसायचा.

मी नागपूरची. स्टेट कॉलेजला मास्टर्स करून इथे नोकरीला आले तेव्हा मंडळात मला कुत्रं ओळखत नव्हतं. पहिल्याच कार्यक्रमात कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि म्हणालं, नाटकाला उशीर होतोय, लोकांना सांग. मी सांगितलं, "मंडळी, पाच मिनिटं बसा, कलाकार मेकअप करून राहिले आहेत." आमच्याकडे असंच बोलतात. काका विंगेतून बाहेर आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "करून राहिले? कुठे राहिले? हॉटेलात?" सगळा हॉल खदाखदा हसला. मीही हसले, दुसरं करणार काय? आत गेल्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "तुझी भाषा स्टेजची नाही. दंड बरे आहेत. तू सेट उचल."

त्या दिवसापासून मी 'राहिली'. ए राहिली, हे धर. राहिलीला बोलवा. मंडळातली पोरं मला 'राहिली मावशी' म्हणतात, त्यांना ते माझं नावच वाटतं. अकरा वर्षं मी सेट उचलले. अकरा वर्षांत काकांनी एकदाही माझं खरं नाव घेतलं नाही. दरम्यान मी माझी भाषा घासूनपुसून काढली. आज हे ज्या मराठीत लिहितेय ती त्यांच्या भीतीने शिकलेली आहे, आणि याचा मला अजून राग येतो.

माझी नोकरी पुलांची. जुन्या पुलावरून किती वजन जाऊ द्यायचं, ते ठरवायचं आणि पाटी लावायची. वजन हेच माझं रोजचं काम. एकदा काकांना मी म्हटलं होतं की नटांना उभं राहायला जे लाकडी चौथरे करता, ज्यांना नाटकवाले लेव्हल म्हणतात, त्यांच्या पोटात एक तिरकी पट्टी हवी. ते म्हणाले, "तू आकडे सांगू नकोस, तू उचल." प्रयोगात लेव्हल कडाडली तेव्हा ते म्हणाले की नट जाडा होता. अशा गोष्टी मी विसरत नाही. चांगला स्वभाव नाही माझा.

आता किल्लीचं. काका-काकूंचा मुलगा शिकागोजवळ शॉमबर्गला असतो. काकांनी एका वर्षात दोनदा गाडी ठोकली, एकदा स्वतःच्याच गॅरेजच्या दाराला, एकदा किराणा दुकानाच्या कार्टच्या रांगेला. मुलगा आला आणि जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर म्हणाला, "बाबा, one more thing and I'm taking the keys. I mean it." काका भातात ताक कालवत राहिले. काकूंना ड्राइव्ह करता येत नाही. फ्रिस्कोत गाडी नसलेला म्हातारा म्हणजे घरात कोंडलेला म्हातारा. दूध संपलं तरी कुणाच्या तरी दारात जायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तर कुणाला तरी विचारायचं. आणि काकांनी जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

मुलगा गेल्यावर त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि म्हणाले, "ह्यूस्टनच्या एकांकिका स्पर्धेला सेट मी नेणार. माझ्या गाडीने, ट्रेलर लावून. चार तास जायला, चार तास यायला. सुखरूप परत आलो की बघू कोण किल्ली मागतं ते." हे त्यांनी मला का सांगितलं? मी कुणी नव्हते म्हणूनच सांगितलं असणार. हमालासमोर माणूस मोकळेपणी बोलतो.

निघायच्या दिवशी, शनिवारी सकाळी आठला, मी त्यांच्या गॅरेजमध्ये हजर होते. बाकीची मंडळी अकराला येणार होती. काकूंची स्वयंपाकघरात फोडणी चालली होती. भाड्याने आणलेला बंद ट्रेलर ड्राइव्हवेत उभा होता. गाडी म्हणजे छोटी एसयूव्ही, मागे ट्रेलर जोडायची हिच नंतर बसवून घेतलेली. काकांनी गाडीचं पुस्तक उघडून बोनेटवर ठेवलं होतं आणि नाकावरचा चष्मा खाली घेऊन ते मला शिकवत होते. मला, वजनाच्या पाट्या लावणारीला.

"दोन आकडे लक्षात ठेव, राहिली. ही गाडी पंधराशे ओढते. ट्रेलर धरून पंधराशे, बरं का, लोक ट्रेलरचं वजन विसरतात. गाढव असतात. दुसरा आकडा दीडशे. ट्रेलरचा हा पुढचा दांडा, याला टंग म्हणतात, म्हणजे जीभ. ती जीभ हिचवर टेकते. जिभेवरचं वजन दीडशेच्या आत पाहिजे. फार कमी असलं तर ट्रेलर शेपटी हलवतो, जास्त असलं तर गाडीचं ढुंगण बसतं आणि तोंड वर होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या जिभेवर थोडं वजन असतं तर तूही स्टेजवर असतीस."

यावर मी हसले. सवयीने.

मग आम्ही सेट तोलला. घरातला काटा काकांनी गॅरेजच्या फरशीवर ठेवला. जड लेव्हल काट्यावर उभ्या केल्या. बाकीचं मी हातात धरून काट्यावर उभी राहायचे, काका आकडा वाचायचे आणि त्यातून माझं वजन वजा करायचे. आधी मला एकटीला उभं केलं. "चौसष्ट!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की आतून काकू म्हणाल्या, "अहो, बाईमाणसाचं वजन असं ओरडून सांगतात का?" काकांनी प्लायवूडच्या एका तुकड्यावर काळ्या मार्करने यादी केली. फ्लॅट, म्हणजे सेटची खोटी भिंत, एकोणीस, असे आठ. लेव्हल एक्केचाळीस, अशा दोन. दरवाजा चौकटीसकट अडतीस. झोपाळा कड्या धरून सत्तावन्न. असं करत करत बेरीज आली पाचशे साठ.

"ट्रेलर रिकामा नऊशे, त्याच्यावर छापलंय," काका म्हणाले. "नऊशे आणि पाचशे साठ, चौदाशे साठ. पंधराशेच्या आत चाळीस! याला म्हणतात प्लॅनिंग. मुलाला फोटो पाठवतो." आणि चहा सांगायला ते आत गेले.

मी काट्यावरून खाली उतरले होते, तो तुकडा माझ्या हातात होता, आणि तेव्हा मला दिसलं. चौसष्ट. डॉक्टरकडे माझं वजन एकशे एक्केचाळीस भरतं. गाडीच्या पुस्तकातले पंधराशे पाउंड होते. ट्रेलरवर छापलेले नऊशे पाउंड होते. आणि काकांनी त्यात पाचशे साठ किलो मिळवले होते.

भिंतीला सुताराची जाड पेन्सिल टांगलेली होती. मी तुकडा उलटा केला आणि मागे लिहिलं, पाचशे साठ गुणिले दोन पॉइंट दोन, बाराशे बत्तीस. अधिक नऊशे. एकवीसशे बत्तीस. खाली दोन रेघा मारल्या, ऑफिसात मारते तशा. सहाशेहून जास्त पाउंड वर. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. काका आत म्हणत होते, "राहिलीला साखर कमी घाल, चौसष्ट आहे ती."

मी तुकडा सुलटा केला आणि कपाटाला टेकवून ठेवला, त्यांची यादी पुढे, माझा हिशेब कपाटाकडे.

का, ते सरळ सांगते. मला त्यांचा अपमान पाहायचा होता. मी मनाशी चित्र रंगवलं होतं की सगळी मंडळी ड्राइव्हवेत जमतील, सेट भरला की गाडी बसेल, हलणार नाही, आणि काका सगळ्यांदेखत तोंडावर आपटतील. मग मी पुढे होऊन शांतपणे म्हणेन, काका, किलो आणि पाउंड. अख्खा हॉल हसला होता तसे सगळे हसतील. अकरा वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहत होते. चहा घेतला, पोहे खाल्ले, काकूंना चांगले झालेत म्हटलं.

अकराला मंडळी आली, सेट भरला. काका कामात पक्के, हे मान्य करायला हवं. त्यांनी काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रेलरची जीभ त्यावर टेकवली. आकडा आला बासष्ट. "कमी आहे. शेपटी हलवेल," ते म्हणाले आणि झोपाळा मागून काढून पुढे घ्यायला लावला. मग दोन्ही लेव्हल पुढे. मग दरवाजा. दर वेळी जीभ काट्यावर टेकवून पाहत होते. सगळं पुस्तकातल्यासारखं, कुठे म्हणून चूक नाही. शेवटी काटा एकशे चाळीसवर आला आणि त्यांनी टाळी वाजवली. "दीडशेच्या आत!"

एकशे चाळीस किलो. तीनशे पाउंडांच्या वर, दीडशेच्या हिचवर. आणि ते सगळं मीच उचलून पुढे नेलं होतं.

ट्रेलर जोडला तेव्हा गाडीचं मागचं अंग खाली गेलं आणि तोंड वर आलं. पण गाडी अडली नाही. माझं चित्र तिथेच फिसकटलं. काकांनी दोन हात पुढे-मागे करून पाहिली, निमूट चालली. मग ते खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याजवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "राहिली, तू पूल मोजतेस. मागून जरा जास्त बसलीय का गं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने मला काही विचारलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला सगळं माहीत होतं, त्यांच्या मुलाचं, किल्लीचं, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं.

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, काका."

त्यांनी मान हलवली आणि ते गाडीत बसले. शेजारी काकू, मांडीवर लाडवांचा डबा.

आम्ही चौघं मागच्या गाडीत होतो. डॅलस ओलांडून दक्षिणेला लागेपर्यंत सगळं ठीक दिसत होतं. काकांची गाडी नाक वर करून चालली होती, आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर जरा डुलायचा आणि मग सावरायचा. आमच्या गाडीत अंताक्षरी चालू होती. मी पुढे बसले होते. मला भीती वाटायला लागली होती, हे खरं आहे, आणि फोन हातात होता, हेही खरं आहे. मी ड्रायव्हिंग करणाऱ्याला एवढंच म्हटलं, "जरा अंतर ठेव."

त्यानंतर दहा मिनिटांत पुढे उतारावर गाड्या तुंबल्या. सगळ्यांचे लाल दिवे लागले. काकांनी ब्रेक दाबला, पण मागून एकवीसशे पाउंड ढकलत होते आणि पुढची चाकं जेमतेम रस्त्याला टेकली होती. गाडी आडवी झाली, ट्रेलर तिला वळसा घालून आला आणि कुशीवर पडला, आणि दोन्ही घसरत बाजूच्या गवतात गेले. नशीब की दुसऱ्या कुणाला लागलं नाही. आमची गाडी व्यवस्थित थांबली. मी अंतर ठेवायला सांगितलं होतं ना.

काकूंचं मनगट मोडलं. त्या रडत नव्हत्या, दुसऱ्या हाताने लाडू गोळा करत होत्या. कुणीतरी म्हटलं, काकू, राहू द्या, तर म्हणाल्या, मुंग्या लागतील. काका गवतात उभे होते. ट्रेलरचं दार उघडून झोपाळ्याची फळी बाहेर आली होती, तिच्याकडे ते पाहत होते. "चौदाशे साठ," ते म्हणाले. मग पुन्हा, "मी तोललं होतं." पोलिसाला सांगितलं, ॲम्ब्युलन्सवाल्या पोरीला सांगितलं, मला सांगितलं. "तू होतीस ना. आपण तोललं होतं ना?" मी हो म्हटलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला आणि किल्ली घेऊन गेला. त्याला ओरडावंही लागलं नाही. काकांनी स्वतः खिशातून काढून टेबलावर ठेवली.

यानंतरचं जे आहे ते मला जास्त लागतं. काकांना कारण सापडत नव्हतं. बेरीज बरोबर, जीभ बरोबर, मग गाडी का गेली? मंडळात जो तो म्हणायचा, वय झालं, ब्रेक जोरात मारला असेल. हळूहळू काकांनाही ते पटायला लागलं. मुलाने त्यांना स्मरणशक्तीच्या चाचणीला पाठवलं. नेलं मी. हो, आता त्यांची ड्रायव्हर मीच होते. दर शनिवारी दहाला मी माझी गाडी घेऊन जायचे, काकूंना फिजिओथेरपीला सोडायचे, काकांना किराण्याला. लोक म्हणायचे, राहिलीने किती केलं त्यांचं, पोटची पोर करणार नाही. मी ऐकून घ्यायचे. चाचणीहून येताना काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "घड्याळ काढायला सांगितलं त्यांनी मला. वर्तुळ काढून त्यात काटे. मी चाळीस वर्षं ड्रॉइंग्ज केली." मी सिग्नलकडे पाहत राहिले. एक शब्द बोलले असते, किलो, तर त्या माणसाला आपलं डोकं परत मिळालं असतं. पण तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न आला असता, तुला कधी कळलं? म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. सात महिने.

मग मुलाने ठरवलं की घर विकायचं आणि दोघांनी शॉमबर्गला यायचं. शेवटच्या शनिवारी मी गॅरेज आवरायला गेले. काकू आत खोकी भरत होत्या, हात बरा झाला होता पण मूठ पूर्ण वळत नव्हती. काका गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. पायाशी तो काटा होता, चिकटपट्टीने खोक्यात बांधायला घेतलेला, आणि मांडीवर प्लायवूडचा तुकडा.

"ये," ते म्हणाले. "मघाशी काट्यावर उभा राहिलो. बहात्तर. आणि डॉक्टरच्या कागदावर एकशे एकोणसाठ. म्हटलं हे काय? मग ट्यूब पेटली. किलो, नाही का? इतकं साधं." त्यांचा चेहरा उजळला होता. एका क्षणासाठी मला खरंच बरं वाटलं. "म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो. गाढव होतो, पण म्हातारा नव्हतो."

मग त्यांनी तुकडा उलटा केला.

पेन्सिल पुसली गेली नव्हती. एकवीसशे बत्तीस, खाली दोन रेघा.

"त्या सकाळी इथे आपण दोघंच होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी तुला विचारलंही होतं."

माझ्या तोंडून काय निघावं? अकरा वर्षांची घासूनपुसून काढलेली भाषा कुठल्या कुठे गेली. "मी पाहून राहिली होती, काका," मी म्हटलं. "मी सगळं पाहून राहिली होती."

या वेळी ते हसले नाहीत. तुकडा माझ्या हातात दिला, चष्मा काढून खिशात ठेवला. आतून काकूंनी विचारलं, "अहो, कोण आलंय? राहिली का?"

काका उठले, काटा खोक्यात ठेवला आणि दाराकडे तोंड करून काकूंना माझं नाव सांगितलं. माझं खरं नाव, आडनावासकट. परक्या माणसाचं सांगतात तसं.